जशी निघाली तशी

पंगतीत सगळे भाताची वाट बघत बसलेले असताना आमचे घरमालक आपलं रिकामं ताट उलटं करून बघत. ताटाच्या बुडाला कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे हे कळल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. शिक्का सापडला नाही की "बाद!" म्हणून ताट सरळ करत आणि मग त्याच बाद ताटात पोटभर जेवत. पंगतीला पत्रावळी असल्या तर मात्र त्यांचं जेवणात लक्ष नसायचं.

कप, कुलूप, कंदील, शिलाई मशीन, समोरच्याच्या मनगटावरचं घड्याळ, काहीही हाताला लागलं की ते आधी उलटं व्हायचं. दापोड्याला लेकीच्या घरी नातवाचं बारसं होतं, तर हे गृहस्थ पाळण्याखाली डोकं घालून बसले आणि बायका नाव ठेवायच्या खोळंबल्या. काकी, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्यासमोरच वैतागून म्हणाली, "मास्तर, माझ्यावर शिक्का न्हाय म्हनून मना पन बाद करतील ह्ये येक दिवस." काका शांतपणे म्हणाले, "तुज्या बापानं दिली तशी कुटं ऱ्हायलीस तू?" मी हसलो. काकी हसली नाही.

त्यांची आठवण आली की मला आधी हसू येतं आणि मागून राग येतो. हसू लगेच जातं. राग मात्र अजून बसलेला आहे, आणि आज हे लिहायला बसलो तेही त्याच्यामुळेच.

मी घाटावरचा. भिवंडीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो ती आणीबाणी उठल्यानंतरची वर्षं. काकांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडला लागून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली. भिंत एकच. पलीकडे दिवसपाळी आणि रातपाळी लूम खडखडत आणि माझ्या फळीवरचे डबे इकडून तिकडे सरकत. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी शेड गप्प व्हायची आणि काका बोलायला लागायचे.

मूळचे ते भिवंडीजवळच्या वळ गावचे, भातशेतीवाले. तरुणपणी मुंबईत एका इंग्रज साहेबाच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून गेला, मोटार कुणा व्यापाऱ्याला विकली गेली आणि हे परत आले. पुढे शेतीचा तुकडा विकून त्यांनी भिवंडीत लूम टाकले. साहेबाकडच्या पांढऱ्या कोटाची पितळी बटणं काढून त्यांनी ती आपल्या सदऱ्यांना लावून घेतली होती. सदरे फाटत, नवे शिवले जात, बटणं तीच.

"साहेबाची गाडी कशी होती?" असं कुणी विचारलं तर एकच उत्तर असायचं. "जशी निघाली तशी." कंपनीतून जशी बाहेर पडली, तशी. तिला साहेबानं दुसरा भोंगासुद्धा लावू दिला नव्हता. माणसाला एखादं दैवत असतं, तसं काकांना हे वाक्य होतं.

भिवंडीत रद्दीची गोदामं पुष्कळ. मुंबईच्या क्लबांतून आणि कचेऱ्यांतून गठ्ठे येत, आणि त्यांत इंग्रजी मोटारींची जुनी मासिकं असत. काका ती उचलून आणत. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, फक्त आकडे आणि चित्रं समजत. मी इंग्रजीचा मास्तर म्हटल्यावर माझ्या गळ्यात ते काम आपोआप पडलं. दर शुक्रवारी सकाळी शेडच्या ओट्यावर चहा यायचा आणि मी मासिक उघडून मराठीत सांगायला लागायचो.

एका अंकात वाचकांचा वाद छापलेला होता. खरी विलायती प्रॉडक्शन सुपरकार म्हणायची तरी कुठल्या गाडीला? कुणी एकीचं नाव सुचवलेलं, कुणी दुसरीचं, आणि सगळे एकमेकांवर तुटून पडलेले. मी ते वाचून दाखवलं, आणि तिथून पुढे आमच्या ओट्यावर दुसरा विषय निघाला नाही. भिवंडीच्या रस्त्यावर तेव्हा टांगे, कापडाच्या गाठींच्या हातगाड्या आणि ट्रक. सुताला खळ लावणाऱ्या, सायझिंगवाल्या एका शेठची मोटार होती, ती बहुतेक वेळा ढकलूनच चालायची. आमच्यातल्या एकानंही सुपरकार डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्यानं वादाला काही बाधा आली नाही.

वादी दोनच. एक काका, दुसरा युसूफ.

युसूफ काकांचा जॉबर. लूम जुळवणं, बिघडला की उघडणं, कारागिरांना कामाला लावणं हे त्याचं काम. मूळ उत्तर प्रदेशातला, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेली की शिवी मराठीत द्यायचा आणि हिशोब हिंदीत करायचा. काटक, पान खाणारा, आणि काकांना तोंडावर उलट बोलणारा त्या शेडमधला एकटाच.

काकांच्या तीन कसोट्या होत्या. विलायती म्हणजे इंजिन, सांगाडा, पत्रा, सगळं विलायतेतच बनलेलं. प्रॉडक्शन म्हणजे शर्यतीसाठी एखादी बनवलेली नव्हे, तर कुणीही दुकानात जाऊन घेईल आणि कंपनीतून निघाली तशीच पळवील अशी. आणि सुपर म्हणजे, "जिच्यापुढं दुसऱ्याची गाडी हुबी करायला दुसऱ्याला लाज वाटंल." या कसोट्यांवर ते एकेक गाडी घासत आणि एकेक बाद करत. एकीचं अंग काचेच्या धाग्यांचं, म्हणजे पत्राच नाही, बाद. एक तर सुट्या भागांत मिळायची आणि गिऱ्हाइकानं घरी जोडायची. "तिला गाडी न्हाय, खुळखुळा म्हनत्यात."

युसूफची आवडती होती ती दणकट, मोठ्या काचेची. तिचं इंजिन अमेरिकेतून यायचं आणि अंगाचा नकाशा इटलीत काढलेला.

"बाद," काका म्हणाले. "इंजिन भायेरचा हाय."

"सेठ, इंजन अमरीका का, नक्शा इटली का, पसीना किसका? अंग्रेज का. पसीना जिसका, गाडी उसकी."

"पसीन्यावर गाडी चालतंय काय?"

"आपके लूम किसपे चलते हैं?"

काका चहा पिऊ लागले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आपल्या पसंतीची गाडी पुढे केली. तिचं इंजिन त्याच कारखान्यात एकेक कारागीर एकटा बसून जुळवतो आणि वर आपल्या नावाची पट्टी मारतो, असं मी वाचून दाखवलं होतं. त्या पट्टीवर काका खूश होते. त्यावर युसूफ म्हणाला, "एक-एक हात से बनाते हैं, तो प्रॉडक्शन कैसे हुआ? प्रॉडक्शन तो ये है." आणि त्यानं शेडमध्ये रचलेल्या मांजरपाटाच्या थप्प्यांकडे हात केला. तो सगळा आठवडा काका त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

मला यात मजा वाटायची. परगावी एकटा राहणाऱ्या माणसाला शुक्रवारी सकाळी असा फुकटचा तमाशा मिळत होता.

आता लूमबद्दल सांगायला हवं. काकांच्या शेडमधले बाकी लूम देशी, इथल्याच ओतकामाचे. एकच विलायती होता. मुंबईच्या एका गिरणीनं भंगारात काढलेला, बिडाच्या अंगावर इंग्रजी अक्षरं ओतलेला. तो दाराजवळ उभा असे, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसावा. शुक्रवारी काका स्वतः तो पुसत. दसऱ्याला सगळ्या लूमना झेंडूची एकेक माळ, आणि याला दोन. कुणी पाहुणा आला की त्याला आधी ती अक्षरं दाखवत आणि म्हणत, "जसा निघाला तसा."

लूमवर धोटा असतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोप, आणि आत बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताची कांडी. लूम त्याला इकडून मारतो, तिकडून मारतो, आणि दिवसभर तो ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून पळत असतो. कधी धागा तुटून गुंता झाला की तो वाटेतच उसळतो आणि लूम सोडून बाहेर उडतो. कुठे लागेल ते सांगता येत नाही. म्हणून पुढे सळ्यांची एक जाळी लावतात. आमच्या आळीत दात गेलेले, गालाला खोक पडलेले कारागीर होते, आणि खालच्या बाजूच्या शेडमधल्या एकाचा डोळा गेला होता.

युसूफनं सगळ्या लूमना जाळ्या करून लावल्या. देशी लूमना लावल्या तेव्हा काका काही बोलले नाहीत. विलायतीला लावली, तर दुसऱ्याच शुक्रवारी त्यांनी पाना घेऊन ती सोडवली आणि खिळ्याला टांगून ठेवली.

"कंपनीतून निघाला तवा ही जाली व्हती काय?"

"सेठ, कंपनी में धोटा भी नहीं उडता होगा. यहाँ उडता है."

"विलायती लूमचा धोटा उडत न्हाय."

शनिवारी युसूफनं जाळी परत लावली. शुक्रवारी काकांनी काढली. हे कित्येक आठवडे चाललं. लूमला भोक पाडावं लागू नये म्हणून युसूफ जाळी पट्ट्यांनी कसायचा, आणि काका पट्ट्यांचे वळ बिडावर उठले का ते बोटानं चाचपून बघत. कारागीर पैजा लावायचे. काकी म्हणायची, "सवतीसाठी भांडत्यात दोगं." मीही हसायचो. शेवटी एका शुक्रवारी काकांनी जाळी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. युसूफ तेव्हा नमाजाला गेला होता.

शनिवारी त्यानं रिकामा खिळा पाहिला आणि तो माझ्या खोलीच्या दारात आला. "मास्टरजी, आप बोलो उनको. आपकी सुनते हैं." मी बोललो. काकांनी ऐकून घेतलं आणि मला मासिकातलं ते पान परत वाचायला लावलं, ज्यात एका इंग्रजानं लिहिलं होतं की गिऱ्हाइकानं मागाहून काही बसवलं तर ती गाडी मोजणीत धरू नये. "बगा," ते म्हणाले. "साहेब पन त्येच बोलतंय." मी मासिक त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हणालो, "साहेबाला काय जातंय? त्याचे डोळे तिकडे आहेत." ते रागावले नाहीत. मोटारीत डोळ्यांचं काय काम, असं काहीतरी पुटपुटले.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी शाळेतून दुपारी परत येत होतो. गल्लीत वळलो तर काकांच्या शेडचा आवाज कमी कमी होत चाललेला. कुणीतरी एकेक लूम बंद करत होतं. शुक्रवार नव्हता. मी धावलो.

विलायती लूमसमोरच्या देशी लूमचा चामड्याचा पट्टा तुटला होता आणि युसूफ वाकून तो बांधत होता. हाक आली म्हणून त्यानं मान वळवली. विलायतीवरचा धोटा उसळून मधली वाट ओलांडून आला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात टोकानं बसला. मी पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि बोटांच्या मधून रक्त. ओरडत नव्हता. "बंद करो, सब बंद करो," एवढंच हळू आवाजात म्हणत होता, आणि कारागीर त्याच्या हुकमाप्रमाणे लूम बंद करत होते.

काका लूमखाली वाकले होते. मला वाटलं, त्यांना घेरी आली. त्यांनी धोटा शोधून काढला, सदऱ्याला पुसला आणि उलटा करून बघितला.

"देशी हाय," ते म्हणाले. "धोटा देशी हाय. लूमचा दोष न्हाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे खूप माणसं भेटली, त्यांतली काही वाईटही होती. पण इतकं थंड वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आणि त्याच माणसानं टॅक्सी आणली, युसूफचं डोकं मांडीवर घेऊन मुंबईच्या इस्पितळात नेलं. डोळा काढावा लागला. तो तिथे होता तोवर काका रोज डबा घेऊन जायचे, पाऊस असो ऊन असो. त्याच्या घरी धान्य पोचवलं, त्याच्या पोरांच्या फिया भरल्या. विलायती लूमवर ताडपत्री टाकली, ती पुन्हा काढली नाही. त्यांनी केलं नाही असं काही नाही. फक्त एक वाक्य बोलले नाहीत.

आणि युसूफचं सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं. भिवंडीच्या लूमवाल्यांत साधा हिशोब आहे. धोटा उडाला तर दोष दोघांपैकी एकाचा, लूमचा किंवा लूम जुळवणाऱ्याचा. एका डोळ्याचा जॉबरसुद्धा कुणी ठेवला असता, कारण त्याच्या हाताला आळीत नाव होतं. पण ज्याच्या जुळणीतला धोटा उडतो, त्याला कोण ठेवणार? लूमवाले चौकशीला काकांकडे येत. "काय हो, झालं काय?" आणि काका सांगत, "लूम विलायती हाय. लूमचा दोष न्हाय." ऐकणारा मान डोलवून निघून जायचा. जाळीबद्दल काका कुणालाही सांगत नसत. युसूफ स्वतः सांगायचा, पण डोळा गेलेला माणूस मालकाच्या नावानं ओरडणारच, असं लोक धरून चालत.

इस्पितळानं त्याला काचेचा डोळा दिला होता. तो त्यानं रुमालात बांधून खिशात ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "बाहर का माल है, मास्टरजी. सेठ बाद कर देंगे." आणि हसला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

एकदा तो काकांकडे आला. मी ओट्यावरच होतो. काकांनी लगेच उठून त्याला खुर्ची दिली, काकीनं चहा केला. तो बसला नाही.

"सेठ, मुझे आपसे काम नहीं चाहिए. आटा-चावल भी बंद कर दो. बस चार लूमवालों के सामने एक बार बोल दो कि जाली आपने निकाली थी. इतनाही."

काका सदऱ्याचं पितळी बटण फिरवत बसले. काकी दारातून म्हणाली, "आवो, बोला की. खरा हाय त्येच बोलायचा हाय." ते म्हणाले, "चहा घे, युसूफ. थंड व्हतंय." तो चहा तसाच ठेवून गेला.

त्या दिवशी मी काकांना सोडलं नाही. म्हणालो, "काका, तुम्ही लूमचा दोष नाही म्हणता, म्हणजे युसूफचा दोष आहे म्हणता. तुमच्यामुळे त्याला कुणी दारात उभं करत नाही."

"मी त्याचा नाव घेतला काय? येकदा तरी घेतला?"

"घ्यायची गरज नाही. लूमचा नाही तर मग कुणाचा?"

त्यांना समजलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. "मास्तर," ते म्हणाले, "त्यो लूम खोटा निगाला तर माज्यापाशी खरा काय ऱ्हायला?" मी म्हणालो, "युसूफ." ते उठून आत गेले.

पावसाळा संपता संपता युसूफनं बिऱ्हाड हलवलं. बायकापोरं आधीच गावी पाठवली होती. स्वतः एका ट्रंकेनिशी कल्याणला जाऊन तिथून गावची गाडी धरणार होता. मी त्याला पोचवायला एस्टी स्टँडवर गेलो. बघतो तर काका आधीच येऊन उभे. धुतलेला सदरा, बटणं घासलेली, हातात काकीनं बांधून दिलेली भाकरी. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मला पाहून म्हणाले, "आज बोलनार हाय मी." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरला. स्टँडवर आळीतले दोन-तीन लूमवाले होते, कारागीर होते. बोलायला हवी तेवढी माणसं हजर होती.

युसूफनं ट्रंक टपावर चढवली. काका पुढे झाले, भाकरी त्याच्या हातात दिली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"युसूफ, ती तुजी गाडी. अमेरिकेच्या इंजिनाची. ती धरली मी. खरी विलायती हाय ती. बाद न्हाय."

स्टँडवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाला काही कळलं नाही. युसूफनं उरलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"सेठ," तो म्हणाला, "गाडी का कौन पूछ रहा था?"

तो आत जाऊन बसला. एस्टी सुटली आणि कल्याणच्या वाटेवरच्या कोन गावाच्या दिशेनं गेली. खिडकीतून त्यानं मला हात केला.

काका माझ्याकडे वळले. चेहरा घामानं भिजलेला. "हारलो मी, मास्तर. चार मान्सांत हारलो. त्याला समजला आसंल ना?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला हरलेला माणूस नको होता. जाळी कुणी काढली ते सांगणारा हवा होता."

"तोंडात आला व्हता. आख्खा तोंडात आला व्हता."

"मग जा. त्याची गावची गाडी संध्याकाळी आहे, तो स्टेशनावर बसलेला असेल. मी येतो बरोबर. या लूमवाल्यांनाही घेतो."

दुसरी एस्टी फलाटाला लागली होती. लोक चढत होते. काका दाराशी गेले, दांडीला हात घातला आणि एक पाय पायरीवर ठेवला. मी त्यांच्या मागेच होतो. कंडक्टरनं तिकिटांची पेटी उघडत विचारलं, "कल्याण का, काका?"

काकांनी पाय खाली घेतला.

"न्हाय," ते म्हणाले.